बिशानमधला हिवाळा

सिंगापुरात हिवाळा आणणारा माणूस आजवर एकच झाला आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. बाहेर बारा महिने तेच ऊन, तोच घाम, दुपारी तोच धो धो पाऊस. आणि बिशानमधल्या एका चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सोफा आणि टीव्हीच्या मधल्या जागेत, कडाक्याचा जानेवारी! तोआ पायोहमधलं एक कॉफीचं दुकान बंद होत होतं, तिथून भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, कोल्ड्रिंकच्या बाटल्या ठेवायचा काचेच्या दाराचा उभा फ्रीज उचलून आणला होता. त्यातले सगळे कप्पे काढून टाकले होते, वरचा दिवा मात्र तेवढा ठेवला होता, आणि त्या दिव्याखाली एका कुंडीत कमरेएवढं, अंगठ्याएवढ्या खोडाचं, एकही पान नसलेलं मेपलचं झाड उभं होतं. पहिल्यांदा आलेला पाहुणा चपला काढता काढता तिथेच थबकायचा. "हे... वाळलंय का?" असं चाचरत विचारायचा. भाऊजी ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, "हळू बोला. झोपलंय ते."

हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीच्या हिशेबखात्यात भाऊजी बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर होते. तिथे म्हणे त्यांच्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटायची नाही. हाच माणूस घरी ऋतू जाहीर करायचा. नोव्हेंबरच्या सुमारास मला ऑफिसात फोन यायचा, "अगं, ऑटम सुरू झाला बरं का. संध्याकाळी येऊन जा." आम्हीही तेव्हा सिंगापुरातच, तोआ पायोहला राहत होतो; तिथून गाडीही न बदलता मी बिशानला जायची, तर भाऊजी फ्रीजच्या बटणाशी झटापट करत असायचे. थंडी एकदम सोडायची नाही, झाडाला धक्का बसतो. आज थोडी, चार दिवसांनी आणखी थोडी. पानं पिवळी पडू लागली की ते ती काचेतून आम्हाला दाखवायचे आणि गळलेली पानं चांदीच्या ताटलीत गोळा करायचे. हिवाळा पुरता उतरला की स्वतः मफलर गुंडाळायचे, झाडाच्या सोबतीसाठी. मफलर आणि अर्धी चड्डी! माझ्या मुलीला शाळेत बाईंनी विचारलं, सिंगापूरमध्ये ऋतू किती? ती तिथल्या पोरांसारखं शेपूट लावून म्हणाली, "बाहेर एकच, पण माझ्या काकांच्या हॉलमध्ये चार आहेत, लाह." बाईंनी मला बोलावून घेतलं. मी तरी काय सांगणार, पोरगी खरंच बोलत होती.

हे झाड त्यांनी मलेशियातल्या थंड हवेच्या डोंगरावरच्या एका नर्सरीतून, सगळे परवाने वगैरे काढून, मांडीवर कुंडी घेऊन आणलं होतं. आता मेपलच्या जाती कितीतरी. सिरप देणारा मेपल वेगळा, शोभेचा वेगळा. हे झाड कुठल्या जातीचं, हे त्या नर्सरीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. कुंडीवर नुसतं 'मेपल' लिहिलेलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्या माणसानं या एका शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला. मी म्हटलं, "भाऊजी, ऑफिसात असं चाललं असतं का?" तर म्हणाले, "ऑफिसात मला काही हवं असतं का? इथे हवंय."

त्यांना काय हवं होतं ते सांगायचं तर थोडं मागे, कॅनडात जावं लागेल. सिंगापूरला यायच्या आधी ती दोघं तीन-चार वर्षं तिकडे होती. भाड्याच्या घराच्या मागच्या अंगणात एक जुनं मेपलचं झाड होतं. हिवाळा संपता संपता, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असं सुरू झालं की त्या झाडांच्या आत रस चढउतार करू लागतो. खोडाला बारीक भोक पाडून नळी लावायची, खाली बादली टांगायची, की टप टप टप! दिसायला पाणी, चवीला पाणी, साखर जेमतेम नावाला. ते बादलीभर पाणी दिवसभर आटवलं की वाटीभर सिरप हाती लागतं. शेजारच्या म्हाताऱ्याकडून हे शिकून भाऊजींनी पहिल्याच वर्षी रस स्वयंपाकघरात आटवायला ठेवला. हे अंगणात आटवायचं असतं, हे सांगायला म्हातारा विसरला होता. संध्याकाळपर्यंत घरभर वाफच वाफ, आणि भिंतीवरचा रंगीत कागद हळूहळू सुटत सुटत ताईच्या डोक्यावर येऊन पडला. त्या दिवशी ताईनं मला फोन केला होता. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. मागून भाऊजींचा आवाज येत होता आणि ती त्यांना ओरडून सांगत होती, "अरे, दुसरी भिंतपण आली रे! पकड, पकड!"

मी फोनवर चाट पडले. 'अरे'? आमच्या ताईचं लग्न अगदी रीतसर, कांदेपोहे खाऊन झालेलं. पुण्यात सासूबाईंसमोर ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची आणि 'अहो' म्हणतानासुद्धा लाजायची. पण परक्या मुलुखात, तीन फूट बर्फात, दोघांनीच फावड्यानं दार मोकळं करता करता कधीतरी त्या 'अहो'चा 'अरे' झाला. सासूबाई ऐकायला नव्हत्या आणि थंडीत माणसं जवळ येतातच. ताई तिथे एका लहान मुलांच्या शाळेत शिकवू लागली होती, गाडी चालवू लागली होती, आणि त्या मेपलच्या खोडाला पहिला थेंब आला तेव्हा तिनं टाळ्या पिटल्या होत्या, "अरे, झाडाला पाझर फुटला रे!" हे वाक्य भाऊजींनी मला किती वेळा सांगितलं असेल, मोजदाद नाही. सांगताना ते शेवटच्या 'रे'वर थोडा वेळ थांबायचे.

मग एक दिवस भाऊजी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी गेले. सिंगापूरला बदली मिळाली, बढती मिळाली, आणि त्यांनी ऑफिसात तिथल्या तिथे होकार देऊन टाकला होता. बायकोला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणे! धक्का बसला. ताईला त्याच आठवड्यात शाळेनं कायम केलं होतं आणि ती तेच सांगायला दारात उभी होती. ती भांडली नाही, रडली नाही. पेढा हातात घेतला आणि विचारलं, "अहो, कधी निघायचंय?"

झालं. त्या दिवसापासून 'अहो'. सामान बांधताना अहो, विमानात अहो, बिशानच्या फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हा अहो. घरात कशाची म्हणून कमी नव्हती. ताई वेळच्या वेळी सगळं करायची, हसून बोलायची, आल्यागेल्याचं करायची. ऐकणाऱ्याला वाटावं, किती मानानं बोलते बाई नवऱ्याशी! मलाही आधी काही कळलं नाही. मला ते भाऊजींनीच सांगितलं, हार्बरफ्रंटला. त्यांच्या ऑफिसखालून फेरीबोटी सुटतात, तिथे आम्ही एकदा कॉफी पीत बसलो होतो. समोरून बोटी निघत होत्या आणि भाऊजी एकदम म्हणाले, "तुझी ताई मला अहो म्हणते गं."

मला हसूच आलं. "अहो भाऊजी, आमची आई बाबांना जन्मभर अहोच म्हणाली."

"आईंचं अहो वेगळं. हिचं अहो म्हणजे ऑफिसच्या पत्रातलं 'डिअर सर'. मी काय विचारलं तर उत्तर मिळतं. पण ती मला काही विचारत नाही, ओरडत नाही. माझ्यावर कुणी ओरडत नाही गं घरात."

"मग माफी मागा की सरळ."

"मागितली. ती म्हणाली, अहो, त्यात काय एवढं."

त्यांनी कपातली साखर उगाचच पुन्हा ढवळली आणि मग मला ती योजना सांगितली. सिंगापुरात मेपल लावायचा. त्याला हिवाळा द्यायचा. हिवाळ्यातून बाहेर काढायचा, आणि थेंब आला की ताईला हाक मारायची. बस्स. पुढचं ती बोलेल. असल्या झाडातून थेंबभर रस निघायलाही पंचवीस-तीस वर्षं जातात, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "भाऊजी, मग सगळ्यांचं वय काय होईल?" तर म्हणाले, "मला बादली कुठे हवीय? एक थेंब पुरे." इतकं खुळं बोलणं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि इतकं गोडही नाही.

झाड मोठं होईपर्यंत हात बसावा म्हणून त्यांनी आटवण्याचा सराव सुरू केला, उसाच्या रसावर. दर रविवारी सकाळी खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधल्या रसवाल्यापुढे स्टीलची मोठी बरणी घेऊन उभे. "नो आइस, नो लेमन." रसवाला दर वेळी विचारायचा, "अंकल, सो मच! पार्टी आह?" आणि भाऊजी दर वेळी गंभीरपणे सांगायचे, "प्रॅक्टिस." मग दिवसभर आटवण. खिडक्या सताड उघड्या, पंखे चालू, तरी मजलाभर तो खरपूस गोड वास. समोरच्या चिनी आजीबाई आधी आग लागली म्हणून धावत आल्या, आणि पुढच्या रविवारपासून वाडगा घेऊन येऊ लागल्या. भाऊजी चमचा तिरका धरून थेंब कसा सुटतो ते बघायचे. ताई पाठीमागून एक नजर टाकून म्हणायची, "अहो, झाली. उतरवा आता." ते म्हणायचे, "सिरपला अजून वेळ आहे." ती म्हणायची, "काकवी आहे ती. काकवीला नाही." एकदा त्यांनी ऐकलं नाही, तर भांड्याच्या बुडाशी गुळाची अशी ढेप बसली की हातोडी आणावी लागली. बाकी आमच्या सगळ्यांच्या घरी भाऊजींच्या हातची काकवी बाटल्यांतून यायची आणि बाटलीवर त्यांच्या टाचणीसारख्या अक्षरात लिहिलेलं असायचं, 'सिरप (सराव)'. घावनाशी काय लागायची म्हणून सांगू! पण खाताना कुणी तिला काकवी म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा.

झाडांचं वेड एकूणच अंगात भिनलं होतं. बिशानच्या पार्कात फिरायला गेले की मोठाल्या झाडांच्या खोडाला कान लावून उभे राहायचे. तिथल्या एका रखवालदारानं विचारलं, "सर, यू ओके?" हे म्हणाले, "येस, येस, जस्ट लिसनिंग." तो बिचारा पलीकडून कान लावून उभा राहिला. ताई दहा पावलं पुढे जाऊन, आपण यांच्यासोबत आलोच नाही अशा आविर्भावात तळ्याकडे बघत राहायची.

आणि तो दवाचा प्रकार! दुसऱ्या का तिसऱ्या हिवाळ्यानंतर भाऊजींनी झाड पहिल्यांदा फ्रीजमधून बाहेर काढलं, 'स्प्रिंग' म्हणून. तासाभरात आम्हाला फोन. "या! ताबडतोब या! रस आला!" आम्ही टॅक्सी करून पोहोचलो. खरंच, प्रत्येक फांदीच्या टोकाला चकचकीत थेंब लटकत होता. भाऊजींनी एक थेंब बोटावर घेतला, डोळे मिटून चाटला आणि म्हणाले, "किंचित गोड आहे." मग माझ्या नवऱ्यानं चाटला, मी चाटला, मुलीनं चाटला. माझा नवरा भिडस्त, तो म्हणाला, "आहे, आहे, किंचित." शेवटी त्यांनी ताईला हाक मारली. ताई आली, तिनं थेंब जिभेवर घेतला, फ्रीजच्या दाराकडे बघितलं. दार बाहेरून डबडबलं होतं, काचेवरून पाणी ओघळत होतं. गार वस्तू सिंगापूरच्या हवेत आणली की दुसरं काय होणार! ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, दव आहे हे." आणि पोछा आणायला आत गेली. भाऊजी कुंडीपाशी तसेच उकिडवे बसून राहिले. त्या दिवशी मला त्यांची चेष्टा करवली नाही.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती भाऊजींच्या आली नव्हती. ते ऑफिसला गेले की ताई त्या फ्रीजसमोर खुर्ची घेऊन बसायची. एकदा दुपारी मी लवकर गेले, दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर पाऊस पडत होता, हॉलमध्ये अंधारून आलं होतं आणि फ्रीजच्या दिव्याचा पांढुरका उजेड ताईच्या चेहऱ्यावर पडला होता. आत ते पानगळ झालेलं झाड, बाहेर ती. मधल्या काचेवर तिच्या श्वासाचं धुकं. तिनं ते पदरानं पुसलं आणि म्हणाली, "काय रे, गारठलास का? थोडे दिवस कळ काढ. येईल हं ऊन." मी दारातच उभी राहिले. क्षणभर मला खरंच वाटलं की ती कुठल्यातरी बर्फातल्या घराच्या खिडकीशी बसली आहे आणि आपणच चुकून या उकाड्यात आलोय.

हे मी भाऊजींना सांगितलं. वाटलं, खूश होतील. तर तोंड एवढंसं करून म्हणाले, "म्हणजे त्याला रे आणि मला अहो?" पुढचे काही दिवस ते झाडाशी फटकून वागत होते. मफलरसुद्धा घातला नाही.

त्याच चिडीतून की काय कोण जाणे, पुढच्या वसंतात त्यांनी तो पराक्रम केला. रविवार होता, आम्ही सगळे जेवायला होतो. ताई स्वयंपाकघरात, मी टेबल मांडत होते. झाड बाहेर काढून ठेवलेलं, अंगावरचं दव सुकलेलं. भाऊजी आतल्या खोलीतून हातानं फिरवायचं ड्रिल घेऊन आले आणि कुंडीपुढे मांडी घालून बसले. त्या अंगठ्याएवढ्या खोडावर त्यांनी पेन्सिलीनं खूण केली आणि ड्रिलचं टोक तिथे टेकवलं. मी म्हटलं, "भाऊजी, अहो, हे काय?" ते म्हणाले, "आता किती वाट बघायची? एकच थेंब हवाय. असेल आत." आणि त्यांनी मूठ फिरवायला घेतली.

"अरे, थांब! अरे, मरेल ना ते!"

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात उलथनं. तिचा असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. भाऊजींचा हात जागच्या जागी थांबला. खोडाच्या सालीवर नुसता एक पांढरा ओरखडा उठला होता. त्यांनी हळूच झाडाकडे बघितलं, मग ताईकडे, आणि अगदी खरंखुरं विचारलं, "कुणाला म्हणालीस? त्याला की मला?"

"तुला! तुला रे, तुला! आणखी कुणाला?" ताई तरातरा आली आणि ड्रिल त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. "आधी विचारायचं तरी! त्याला रोज कोण पुसतं, कोण पाणी घालतं, माती कोण उकरतं? पण नाही, तुला विचारायची सवयच नाही. आलं मनात की उचललं ड्रिल. आलं मनात की आणले पेढे! माझी शाळा होती तिथे. मी दारात उभी होते सांगायला. एकदा विचारलं असतंस, नुसतं एकदा, तर मीच हो म्हटलं असतं रे!"

माझी मुलगी पापड तोंडाशी धरून बसली होती. भाऊजी खालीच बसले होते, ताई उभी, तिच्या एका हातात ड्रिल आणि एका हातात उलथनं. मला वाटलं आता ते काहीतरी विनोद करतील. पण ते म्हणाले, "विचारतो. भोक पाडू का?"

"नाही."

"बरं." मग तिच्याकडे बघत, "आणि... सिंगापूरला जायचं का आपण?"

इतकी वर्षं सिंगापुरात राहून झाल्यावर हा प्रश्न! ताईनं ड्रिल टेबलावर ठेवलं, उलथनं ठेवलं, खाली बसली आणि त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. "जाऊ या," ती म्हणाली. "पण तिथे फार उकडतं म्हणतात रे."

भाऊजी हसायला गेले आणि त्यांना हसता येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, चष्मा काढून पुसायचंही भान राहिलं नाही. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ गं. फुटला शेवटी पाझर. झाडाला नाही, याला." आणि पदर त्यांच्या हातात दिला. तोवर आत घावन करपून कोळसा झालं होतं. आम्ही दुसरं केलं आणि काकवीशी खाल्लं. त्या दिवशी सगळे तिला काकवी म्हणत होते, भाऊजीसुद्धा.

पुढे काही वर्षांनी आम्ही पुण्याला परत आलो. ती दोघं तिथेच राहिली. ताई आता बिशानमधल्याच एका बालवाडीत शिकवायला जाते. झाड खांद्याला लागलं म्हणे, त्याच्यासाठी फ्रीजही आणखी उंच आणला. रसाचा थेंब काही अजून आलेला नाही आणि कुणी त्याची वाटही बघत नाही. सालीवरचा ओरखडा झाडाबरोबर रुंद होत चाललाय, तेवढा भाऊजी मला फोनवर दर वेळी कळवतात. इकडे पुण्यातही डिसेंबरात हल्ली पूर्वीसारखा गारठा पडत नाही. सकाळी शाल गुंडाळून बसले की मला उगाचच तो हॉल आठवतो, तो पांढुरका उजेड, काचेवरचं ते धुकं, आणि मी फोन लावते. भाऊजी उचलतात, हळू आवाजात बोलतात, कारण झाड झोपलेलं असतं. मागे फ्रीजची घरघर ऐकू येते. त्यांचं अर्धं लक्ष माझ्याकडे, अर्धं आत. परवाही ते मला काहीतरी लांबलचक सांगत होते, फ्रीज उघडाच टाकून, आणि पलीकडून ताईचा आवाज आला, "अरे, दार लाव ना रे! हिवाळा सगळा बाहेर चाललाय!"